डेटाबेसची मेमरी वाढतेय? रीस्टार्टला हात लावण्याआधी हे बघा

एप्रिलमधली पहाट, पावणेपाचची वेळ. वाशीच्या फळबाजारातल्या एका गाळ्यावरून मेहताजींचा फोन आला. "साहेब, पट्टी निघत नाहीये. नुसतं गोल गोल फिरतंय." पट्टी म्हणजे मालाच्या विक्रीच्या हिशोबाचा कागद. हापूसच्या पेट्या उतरलेल्या, गिऱ्हाईक समोर उभं आणि महाप्यातल्या आमच्या सर्व्हरवर डेटाबेस आपला आपणच पडून पुन्हा उठत होता. त्या टीममध्ये या दुखण्यावर एक ठरलेलं औषध होतं. दर रविवारी रात्री दोन वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीतून) रीस्टार्ट. पावसाळ्यात तेवढं पुरायचं. त्या एप्रिलमध्ये बुधवारसुद्धा गाठता आला नाही.

रीस्टार्ट केला की मेमरी खाली येते, पण ती कोणी खाल्ली याचा पुरावाही त्याबरोबर धुऊन जातो. म्हणून ज्यांनी डेटाबेसचं काम नुकतंच हातात घेतलंय, त्यांच्यासाठी पुरावा गोळा करायचा क्रम लिहून ठेवतोय. उदाहरण लिनक्सवरच्या पोस्टग्रेसचं आहे. मायएसक्यूएलबद्दल शेवटाकडे थोडं आहे. सेटिंग्जची आणि फंक्शनची नावं आपण फोनवर बोलताना म्हणतो तशीच लिहिली आहेत. टाइप करताना बहुतेक ठिकाणी दोन शब्दांच्या मध्ये अंडरस्कोअर टाकायचा, एवढं लक्षात ठेवा.

पायरी १: आधी मशीन, मग डेटाबेस

'फ्री' कमांड चालवा आणि 'फ्री' नावाचा कॉलम सोडून द्या. तो लहानच असतो. रिकामी पडलेली मेमरी लिनक्स फायलींच्या कॅशसाठी वापरून टाकतो आणि कोणाला लागली की परत देतो. बघायचा तो 'अव्हेलेबल'. पोस्टग्रेसचे शेअर्ड बफर्स (सगळ्या कनेक्शनांनी मिळून वापरायची मेमरी) या तक्त्यात 'बफ कॅश'मध्येच मोजले जातात, पण ते मागून मिळणारे नसतात. 'अव्हेलेबल'च्या हिशोबात ही गोष्ट धरलेली असते, म्हणून तोच आकडा कामाचा.

'अव्हेलेबल' दिवसेंदिवस खाली जात असेल, तरच पुढे वाचण्यात अर्थ आहे. तो स्थिर असेल आणि नुसता मॉनिटरिंगच्या पडद्यावरचा ग्राफ लाल झाला असेल, तर चहा घ्या आणि ग्राफवाल्याशी बोला.

मग कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग बघा. 'डीमेसेज'ला कॅपिटल टीचा पर्याय लावला की वेळ वाचता येते. त्यात 'किल्ड प्रोसेस' शोधा. त्या ओळीत मारलेल्या प्रोसेसचं नाव आणि तीन आकडे मिळतात: अॅनॉन (प्रोसेसची स्वतःची), फाइल आणि शेअर्ड मेमरी. इथे नवी माणसं हमखास फसतात. मेमरी संपली की कर्नल ज्या प्रोसेसचा स्कोअर सगळ्यात जास्त तिला मारतो, आणि ती दोषी असेलच असं नाही. त्याच मशीनवर रात्रीचा बॅकअप किंवा एखादा जावा प्रोग्राम फुगलेला असतो आणि बळी जातो पोस्टग्रेसचा. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

सगळे गाळे एकदम का थांबले, याचं उत्तरही इथेच आहे. पोस्टग्रेसचं एक कनेक्शन 'सिग्नल ९'ने (तडकाफडकी मारायच्या हुकमाने) मेलं की मुख्य प्रोसेस धोका पत्करत नाही. मेलेल्याने जाता जाता शेअर्ड मेमरीत काही अर्धवट लिहिलं असेल, या शंकेने ती बाकीची सगळी कनेक्शनं तोडते आणि रिकव्हरी करून नव्याने उभी राहते. म्हणजे आमच्या साठ कनेक्शनांतलं एक मेलं तरी साठच्या साठ पट्ट्या अडकतात.

पायरी २: 'रेस'च्या आकड्याला फसू नका

'टॉप' उघडून कॅपिटल एम दाबलं की जास्त मेमरीवाले वर येतात. 'रेस' (प्रोसेसने रॅममध्ये व्यापलेली मेमरी) कॉलममध्ये प्रत्येक पोस्टग्रेस प्रोसेससमोर तीन जीबी, चार जीबी असे आकडे दिसतात आणि पोटात गोळा येतो. आमच्याकडे नुकत्याच रुजू झालेल्या एका मुलाने साठ कनेक्शनच्या आकड्यांची बेरीज केली, ती दोनशे जीबीच्या वर गेली. मशीन होतं बत्तीस जीबीचं. "दादा, हे कसं शक्य आहे?" असं त्याने विचारलं, ही त्याची हुशारी. बरेच जण न विचारता सरळ तिकीट टाकतात, 'मेमरी लीक' म्हणून.

झालंय असं. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनला स्वतःची प्रोसेस असते, आणि या सगळ्या प्रोसेस मिळून शेअर्ड बफर्सचा एकच तुकडा वापरतात. आमच्याकडे तो आठ जीबीचा होता. एखाद्या कनेक्शनने त्यातलं पान हाताळलं की ते त्याच्या 'रेस'मध्ये मोजलं जातं. दिवसभर काम केलेल्या कनेक्शनने त्यातली बरीचशी पानं हाताळलेली असतात, म्हणून त्याचा आकडा सकाळपासून चढत जातो. सोसायटीतल्या साठ बिऱ्हाडांनी गच्चीवरची टाकी आपापल्या घरातलं पाणी म्हणून मोजावी, तसला हा हिशोब. त्याला लीक म्हणणं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं.

घरातलं पाणी वेगळं मोजायचं तर 'प्रॉक' डिरेक्टरीत त्या पीआयडीच्या (प्रोसेसच्या क्रमांकाच्या) फोल्डरमधली 'स्टेटस' फाइल वाचा. कर्नल ४.५ पासून तिथे 'आरएसएस'चे (म्हणजे 'रेस'च्याच आकड्याचे) तीन भाग वेगळे मिळतात: अॅनॉन, फाइल आणि एसएचमेम. शेवटचा म्हणजे शेअर्ड बफर्सचा वाटा, तो सोडून द्या. 'आरएसएस अॅनॉन' ही त्या कनेक्शनची खासगी मेमरी. यापुढे मी 'खासगी' म्हणेन तेव्हा हाच आकडा समजा.

सगळ्यांची बेरीज करायचीच असेल, तर त्याच फोल्डरमधल्या 'एसमॅप्स रोलअप' फाइलमधला 'पीएसएस' घ्या. सामायिक पानं जितक्या प्रोसेसमध्ये वाटली गेली तितक्यांनी भागून तो दिला जातो, म्हणून बेरीज खरी येते. ही फाइल कर्नल ४.१४ पासून आहे. ती वाचायला रूट किंवा पोस्टग्रेसचा स्वतःचा युजर लागतो.

पायरी ३: आकडे वेळेसकट टिपून ठेवा

एकदा बघितलेल्या आकड्यावरून काहीच कळत नाही. वाढ कळायला दोन तरी वेळा बघावं लागतं, आणि वाढीचा आकार कळायला दिवसभर. दर पाच मिनिटांनी चालणारी दहा ओळींची शेल स्क्रिप्ट पुरते. तिने प्रत्येक पोस्टग्रेस प्रोसेसची वेळ, पीआयडी आणि खासगी मेमरी एका फायलीत लिहावी. त्यासोबत 'पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी' या चालू कनेक्शनांच्या तक्त्यामधून 'बॅकएंड स्टार्ट', 'ॲप्लिकेशन नेम' आणि 'स्टेट' हे कॉलमही घ्या. 'बॅकएंड स्टार्ट', म्हणजे कनेक्शन सुरू झाल्याची वेळ, विसरू नका. लिनक्स पीआयडी पुन्हा वापरतो, आणि सकाळचा ४२१७ संध्याकाळी भलताच कोणीतरी असू शकतो.

दुसऱ्या दिवशी ही फाइल स्प्रेडशीटमध्ये टाकून रेघा काढा. रेघ चढून एका उंचीवर टेकली आणि तिथेच राहिली, तर सहसा काळजी नाही. मोठी क्वेरी संपल्यावर पोस्टग्रेस मेमरी मोकळी करतो, पण सी लायब्ररीचा मॅलॉक (मेमरी वाटून देणारा भाग) ती सगळी लगेच कर्नलकडे परत करेलच असं नाही. पुढच्या क्वेरीसाठी हाताशी ठेवतो. रेघ पायऱ्यापायऱ्यांनी चढत असेल, तर प्रत्येक पायरीच्या वेळी कुठली क्वेरी चालली होती ते शोधा. आणि काम असो वा नसो, रेघ सरळ वरच चाललेली असेल, तर त्याला लीक म्हणायची परवानगी आहे. माझ्या नशिबी हा तिसरा प्रकार फार कमी वेळा आलाय.

आमच्या रेघा पायऱ्यांच्या होत्या. बाजार बंद असताना सपाट, आणि सकाळी दहाच्या सुमारास, लिलावांची धांदल उतरली की एकेक उडी. शिवाय आणखी एक गोष्ट दिसली. सगळ्या कनेक्शनचा 'बॅकएंड स्टार्ट' एकच होता, रविवार रात्री दोन. म्हणजे रीस्टार्टनंतर जन्मलेलं एकही कनेक्शन तोवर बंदच झालं नव्हतं.

पायरी ४: कनेक्शनचं पोट उघडा

इथे जरा थांबून वाचा, कारण खरं उत्तर बहुतेक वेळा याच पायरीवर मिळतं.

पोस्टग्रेस स्वतःची मेमरी 'मेमरी कॉन्टेक्स्ट' नावाच्या कप्प्यांत ठेवतो. एकात दुसरा, दुसऱ्यात तिसरा, आणि प्रत्येकाला नाव. क्वेरी संपली की तिचा कप्पा एकदम रिकामा होतो, म्हणूनच पोस्टग्रेसमध्ये सरळसोट लीक दुर्मीळ. आवृत्ती १४ पासून चालू असलेल्या कुठल्याही कनेक्शनचे कप्पे बाहेरून बघता येतात. सुपरयुजरने लॉगिन करून सिलेक्टमध्ये 'पीजी लॉग बॅकएंड मेमरी कॉन्टेक्स्ट्स' हे फंक्शन बोलवा आणि कंसात सगळ्यात जाड कनेक्शनचा पीआयडी द्या.

पडद्यावर फक्त 'टी' हे एक अक्षर येतं. घाबरू नका, ते 'ट्रू'चं आहे. खरी यादी सर्व्हरच्या लॉग फायलीत पडते. एका कप्प्याला एक ओळ: लेव्हल, नाव, एकूण बाइट, त्यातले मोकळे, त्यातले वापरलेले. एका कप्प्याची मुलं शंभरापेक्षा जास्त असली, तर उरलेल्यांची एकच गोळाबेरीज ओळ येते. ती वगळू नका, आमचं घबाड तिच्यातच होतं. सगळ्यात खाली 'ग्रँड टोटल'.

आता नावं वाचा. 'कॅश मेमरी कॉन्टेक्स्ट' मोठा असेल, तर कनेक्शनने खूप टेबलं आणि इंडेक्स हाताळली आहेत. प्रत्येक टेबलाची रचना कनेक्शन स्वतःजवळ लिहून ठेवतं, आणि सहसा बंद होईपर्यंत ती सोडत नाही. 'कॅश्ड प्लॅन' नावाचे पुष्कळ कप्पे दिसले, तर प्रीपेअर्ड स्टेटमेंट (पुन्हा पुन्हा वापरायला तयार करून ठेवलेल्या क्वेरी) साचली आहेत. 'एक्झिक्युटर स्टेट'च्या पोटात बरंच काही असेल, तर या क्षणी चालू असलेली क्वेरीच जड आहे. तिच्याकडे वेगळं बघावं लागेल.

शेवटी 'ग्रँड टोटल' आणि खासगी मेमरी शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही जवळपास सारखी असतील, तर चोर यादीतच आहे. खासगी मेमरी कितीतरी जास्त असेल, तर मेमरी पोस्टग्रेसच्या कप्प्यांबाहेर गेली आहे: मॅलॉककडे तुकड्या-तुकड्यांनी अडकली आहे, एखाद्या एक्स्टेंशनने परस्पर घेतली आहे किंवा जिटने. जिट, म्हणजे क्वेरीचे काही भाग आयत्या वेळी मशीनच्या भाषेत बदलणारा कंपायलर, आवृत्ती ११ मध्ये आला आणि १२ मध्ये मूळ सेटिंगप्रमाणेच चालू झाला, आणि दीर्घकाळ चालणाऱ्या कनेक्शनमध्ये त्याच्या इनलायनिंगमुळे मेमरी साठत जाण्याची चूक जुन्या आवृत्त्यांमध्ये होती. तपासणं सोपं आहे. जिट बंद करून एक दिवस रेघ काढा.

तेरा किंवा त्याआधीची आवृत्ती असेल तर जीडीबी डीबगर जोडून 'मेमरी कॉन्टेक्स्ट स्टॅट्स' हे फंक्शन (याचं नाव मात्र अंडरस्कोअर न टाकता जोडून लिहायचं) बोलवता येतं. पण जीडीबी जोडला की ती प्रोसेस जागच्या जागी थांबते. पहाटे बाजार चालू असताना हा उद्योग करू नका. केलाच, तर मेहताजींचा फोन तुम्हीच उचला.

आमच्या यादीत काय निघालं

'कॅश मेमरी कॉन्टेक्स्ट' आणि 'कॅश्ड प्लॅन', दोन्ही फुगलेले. आवकेचं टेबल आमच्याच एका शहाण्याने रोजच्या पार्टिशनमध्ये तोडलं होतं. एका तारखेला एक पार्टिशन, प्रत्येकाला चार इंडेक्स. तीन वर्षांत हजाराच्या वर पार्टिशन झाली. रोजची पट्टी काढताना त्रास नव्हता, कारण क्वेरीत तारीख असायची आणि पोस्टग्रेस एकाच पार्टिशनपाशी जायचा. पण सकाळी दहानंतर गाळेवाले एक रिपोर्ट काढायचे: या बागायतदाराचा माल आजवर किती आला आणि कोणत्या भावाने गेला. या क्वेरीत तारखेची अटच नव्हती. ज्या कनेक्शनवर ती चालली, त्याने हजार पार्टिशन आणि चार हजार इंडेक्स यांची रचना स्वतःच्या खिशात भरून घेतली.

त्यावर कडी केली जावाच्या ड्रायव्हरने. एकच स्टेटमेंट पाच वेळा चाललं की तो मूळ सेटिंगप्रमाणे सर्व्हरवरच प्रीपेअर्ड स्टेटमेंट करून ठेवतो. हजार पार्टिशनचा प्लॅन लहान नसतो, आणि तो कनेक्शनपाशी मुक्कामाला राहतो. कनेक्शन पूल (उघडी कनेक्शनं सांभाळून प्रोग्रामला वाटणारा भाग) आलटून पालटून कनेक्शन देत असल्यामुळे आठवड्याच्या मधोमध साठही कनेक्शनांनी हा रिपोर्ट चालवून झालेला असायचा. प्रत्येकी सुमारे २८० एमबी. साठांचे झाले साडेसोळा जीबी, वर शेअर्ड बफर्सचे आठ. बत्तीसच्या मशीनवर उरलं काय, तर ऑपरेटिंग सिस्टीम, फायलींचा कॅश आणि देवाची कृपा.

आणि कनेक्शन आपोआप मरत का नव्हती? हिकारी या आमच्या पूलच्या 'मॅक्स लाइफटाइम'ला (हेही जोडूनच लिहायचं) कोणीतरी शून्य दिलं होतं, आणि तिथे शून्याचा अर्थ कायमचं असा होतो. मूळ सेटिंग तीस मिनिटांचं असतं.

शून्य काढून तीस मिनिटं केली, त्याच दिवशी मेमरी उतरली. हा बदल दोन मिनिटांचा. रिपोर्टसाठी पाच कनेक्शनचा वेगळा पूल केला, आणि रिपोर्टच्या पडद्यावर 'कोणत्या तारखेपासून' हा रकाना सक्तीचा केला. त्यावर गाळेवाल्यांची कुरकुर झाली, ती रास्तही होती. पार्टिशन महिन्याचं करायला मात्र पावसाळा उजाडला, कारण हंगामात मोठ्या टेबलाला हात लावायचा नाही हा बाजाराचाच नियम.

पायरी ५: वर्क मेमचा गुणाकार

पायरी ३ मध्ये रेघ एकदम उंच जाऊन खाली येत असेल, तर हा भाग तुमचा.

'वर्क मेम' ही कनेक्शनची मर्यादा आहे असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. ती एका सॉर्टची (क्रम लावण्याची) किंवा एका हॅशची (जुळणीसाठी मेमरीत बांधलेल्या तक्त्याची) मर्यादा आहे, आणि एका क्वेरीत असे अनेक टप्पे असतात. मूळ सेटिंग ४ एमबीचं. कोणीतरी कुठेतरी वाचून ते ६४ केलं असं समजा. क्वेरीत तीन सॉर्ट आणि दोन हॅश आहेत. सॉर्टचे १९२ झाले. हॅशला आवृत्ती १५ पासून 'हॅश मेम मल्टिप्लायर'मुळे दुप्पट मिळते, म्हणून दोन हॅशचे २५६. एकूण ४४८. क्वेरी दोन पॅरलल वर्कर घेऊन चालली तर लीडरसकट तिघे, म्हणजे वरची मर्यादा गेली १३४४ एमबीवर. एका क्वेरीची. अशा दहा जणींनी एकाच मिनिटाला यायचं ठरवलं की रात्रीची झोप गेली.

'एक्स्प्लेन ॲनलाइझ'मध्ये सॉर्टच्या ओळीखाली किती मेमरी लागली किंवा डिस्कवर किती गेलं ते छापून येतं. सगळ्यांसाठी 'वर्क मेम' वाढवण्यापेक्षा रिपोर्टच्या युजरपुरताच वाढवा. 'ऑल्टर रोल'ने ते होतं, रीस्टार्ट लागत नाही.

मायएसक्यूएल असेल तर

इथे कनेक्शनमागे प्रोसेस नसून थ्रेड असतात, त्यामुळे पीआयडीनिहाय रेघा काढता येत नाहीत. सुरुवातीची वाढ बहुतेक वेळा इनोडीबीच्या बफर पूलची असते. पूल ठरलेल्या आकारापर्यंत हळूहळू भरतो आणि थांबतो. तो भरून गेल्यावरही वाढ चालूच असेल, तर 'सिस' स्कीमामधला 'मेमरी ग्लोबल बाय करंट बाइट्स' हा व्ह्यू उघडा. पोस्टग्रेसच्या कप्प्यांसारखीच यादी मिळते, मोठे वर. त्या यादीची बेरीज आणि प्रोसेसची मेमरी यांत मोठी तफावत असेल, तर संशय मॅलॉकवर. तिथे बरेच जण जेमॅलॉक हा त्याचा पर्याय लावून बघतात, आणि फरक पडतोही.

तरीही हाती लागलं नाही तर

सीनियरकडे किंवा बाहेर कोणाकडे विचारायला जाताना 'मेमरी वाढतेय' एवढंच घेऊन जाऊ नका. डेटाबेसची नेमकी आवृत्ती, कर्नलची आवृत्ती, मशीनची मेमरी, शेअर्ड बफर्स, वर्क मेम आणि जास्तीत जास्त कनेक्शन किती, हे एका कागदावर. सोबत एका दिवसाची रेघ, सगळ्यात जाड कनेक्शनची कप्प्यांची यादी ग्रँड टोटलसकट, आणि त्याच मिनिटाची खासगी मेमरी. लोड केलेल्या एक्स्टेंशनची नावंही द्या.

आणि तोवर सर्व्हर तगवायचा असेल, तर अख्खा रीस्टार्ट नको. 'पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी'मध्ये 'आयडल' दिसणारं सगळ्यात जाड कनेक्शन निवडा आणि 'पीजी टर्मिनेट बॅकएंड'ने तेवढंच बंद करा. पूल त्याच्या जागी नवं उघडतो, गाळ्यावर कोणाला पत्ताही लागत नाही. फक्त त्याआधी त्याच्या कप्प्यांची यादी लॉगमध्ये उतरली आहे ना, ते बघून घ्या.